बिननावाच्या पेट्या

मांडववाल्यांनी बांधलेली कनात शालूनं बाजूला सारली आणि हातात चहाचा कप घेऊन ती तिथंच थिजली. रोजचा सकाळचा चहा ती गच्चीच्या ह्याच कोपऱ्यात प्यायची, पेट्यांतल्या मधमाश्या कामाला निघाल्या की त्यांच्याकडं पाहत. आज लोखंडी स्टँड जागेवर होता. मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाट्याही होत्या. पेट्या नव्हत्या.

एक नव्हे, दोन्ही नव्हत्या.

दुसरी कुणी असती तर बोंब ठोकली असती. शालूनं कप कठड्यावर ठेवला, कनात पुन्हा नीट ओढून घेतली आणि मग खाली बसून पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. कारण खाली घरभर कार्य होतं. थोरल्या जावेच्या अर्पिताला आज कुंकू लागणार होतं, भोकरदनचे पाव्हणे दुपारी यायचे होते, आणि अशा दिवशी धाकट्या सुनेनं माश्यांसाठी गळा काढायचा नसतो, एवढं शहाणपण तिच्याकडं होतं.

शिवाय दादांचा शब्द होता. दिवाळीनंतर ह्याच गच्चीवरून चार पेट्या चोरीला गेल्या तेव्हा थोरले दीर रामप्रसाद सगळ्यांदेखत म्हणाले होते, "शालू, गेल्या त्या गेल्या. पण चोर मागच्या जिन्यानं वर आल्ते. वरच्या खोलीत माझी पोरगी अभ्यास करती. पुन्हा एकदा जरी चोर ह्या गच्चीवर चढला, तर माश्यांचा कारभार बंद. मंग रडायचं न्हाई." शालूनं मान हलवली होती. दुसरं काय करणार होती?

त्या चार पेट्या नंतर दिसल्यासुद्धा होत्या! अंबड रोडला एका कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटात, पांढऱ्या फुलांच्या मधोमध. बियाणं धरायला माश्या लागतात, हंगामात भाड्याच्या पेट्या मिळत नाहीत, मग कुणीतरी शहरातल्या गच्च्या हुडकतं. शालूनं आपला हिरवा रंग ओळखला, एका झाकणाचा कुरतडलेला कोपरा ओळखला. पोलीस म्हणाले, "बाई, खूण सांगा. असा हिरवा रंग अन् कुरतडलेली झाकणं तर निम्म्या जिल्ह्यात हायेत." खूण काय सांगणार? पेटीसारखी पेटी.

आणि आता हे बघा. स्टँडच्या पायांखालच्या जुन्या वाट्यांवर सासऱ्यांचं नाव कोरलेलं होतं, 'सांडू'. ह्या घरात सासूबाई चतुराबाईंनी चमचासुद्धा कधी नाव टाकल्याशिवाय फडताळात ठेवला नव्हता. चोरानं नावाच्या वाट्या सोडल्या आणि बिननावाच्या पेट्या नेल्या. शालूला त्या वाट्यांचाच राग आला.

तिनं तोंड पुसलं आणि जिन्यातून हाक मारली, "अहो, जरा वर या."

मच्छिंद्र आला तो झेंडूच्या माळा गळ्यात घालूनच, हात रिकामे राहावेत म्हणून. जळालेल्या पंपांच्या मोटारी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान चालवणारा हा माणूस अंगानं आडवा आणि मनानं लोण्याचा. रिकामा स्टँड बघून त्याचा चेहरा असा पडला, की शालूलाच त्याची कीव आली.

"दादाला सांगून टाकू," तो म्हणाला.

"डोकं फिरलं का तुमचं? आज अर्पिताचा दिवस हाये. पाव्हणे वाटंला लागेपर्यंत एक शब्द बोलायचा न्हाई."

"मला खोटं बोलता येत न्हाई, शालू. तुला म्हाईत हाये ते. दादा नुसता बघतो अन् माझे कान लाल होतेत."

"मंग बोलूच नका. बुंदी तळून राह्यलेत ना खाली? मूठभर बुंदी तोंडात भरून फिरा."

"दिवसभर?"

"दिवसभर."

मच्छिंद्रनं बायकोकडं पाहिलं. नाक लाल, डोळे सुजलेले, आणि तरी हुकूम सोडून राहिलेली. त्यानं गळ्यातली एक माळ काढून रिकाम्या स्टँडच्या बाजूनं कनातीला आडवी बांधली, जणू तिथं काही बघण्यासारखं नाहीच. मग बिचारा बुंदीकडं गेला.

*

खाली स्वयंपाकघरात चतुराबाई लसूण सोलत बसल्या होत्या आणि स्वतःवर बेहद्द खूश होत्या.

ह्या बाईला खूश असताना ओळखणं अवघड. आनंद झाला की त्या जास्तच खेकसत. आज सकाळपासून त्यांनी आचाऱ्याला दोनदा झापलं होतं, थोरल्या सुनेच्या साडीच्या रंगाला नावं ठेवली होती आणि अर्पिताला "नीट बस, बेंडकुळीवानी काय बसलीस" असं सुनावलं होतं. म्हणजे स्वारी फारच मजेत होती.

मागच्या दारानं समोरच्या घरातली लालबी आली. सिराजोद्दीनची बायको, गल्लीच्या पलीकडं राहणारी. दोघींचं सूत इतकं जुनं, की कुणाच्या घरचं मीठ कुणाच्या बरणीत आहे हे आता दोघींनाही सांगता आलं नसतं. हातात पानाचा डबा. इकडं तिकडं बघून ती चतुराबाईंच्या कानाशी वाकली.

"अवो चतुराबाई, तुमची अमानत बिलकुल ठीक हाये. टाकीच्या मागं ठेवली तशीच. सकाळी आमेरनं तोंडाचा बोळा काढला, तर काय निघाल्या बाहेर! जशी बारात निघाली."

"हळू बोल!"

"हळूच बोलून राह्यली. पन शालूला सांगितलं का न्हाई?"

"कशाला सांगू? सांगितलं असतं तर तिनं नेऊ दिल्या असत्या का? पाव्हणे गेले की सांगीन. जल्दी काय हाये?"

झालं होतं ते असं. काल संध्याकाळी दोघी सुना अर्पिताला घेऊन बांगड्या भरायला गेल्या होत्या, आणि मांडव घालणारा गडी चतुराबाईंना म्हणाला, "आजी, भारी हायेत पेट्या. कितीला भेटतेत?" बस्स. माणसानं सहज विचारलं असेल, पण चतुराबाईंच्या हिशेबी तो तिथंच चोर ठरला. दिवस मावळला, माश्या आत गेल्या, तशी त्यांनी लालबीच्या लेकाला, आमेरला बोलावलं. चांगला बाप्या माणूस, दोन लेकरांचा बाप, पण चतुराबाईंपुढं त्याचं काही चालत नसे. पेट्यांच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबून, वर चादर गुंडाळून, एकेक करून त्यानं दोन्ही पेट्या खाली उतरवल्या आणि गल्ली ओलांडून आपल्या गच्चीवर नेल्या.

आता ह्याच चतुराबाई गेली कित्येक वर्षं ह्या माश्यांच्या नावानं बोटं मोडत होत्या. "ह्या भुणभुणीनं माझी झोप गेली", "गाय पाळावं, शेळी पाळावं, माशी काय पाळती", असलं रोजचं. चार पेट्या गेल्या त्या दिवशीसुद्धा त्या मोठ्यानं म्हणाल्या होत्या, "बरं झालं, पीडा गेली." मग रात्री शालूनं सगळ्यांना वाढलं आणि आपलं ताट न घेताच उठली. दुसऱ्या दिवशीही तेच. घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. चतुराबाईंच्या आलं. पोरीच्या तोंडाकडं बघून त्यांच्या पोटात तुटलं. पण ते बोलून दाखवायचं कसं? इतक्या वर्षांचा आब घालवायचा काय?

म्हणून त्यांनी पेट्या लपवल्या. आणि आता लसूण सोलत त्या मनातल्या मनात चोरांना वाकुल्या दाखवत होत्या.

"या म्हणावं आता," त्या लालबीला म्हणाल्या. "बसा म्हणावं हुडकत."

*

थोरली सून बेबीनंदा वर गेली ती तक्क्यांच्या खोळी बघायला. तिनं गच्चीवर पाय ठेवला आणि तिच्या काळजाचं पाणी झालं.

नवऱ्या मुलासाठी मांडलेल्या सोफ्यावर माश्या. तक्क्यावर माश्या. झेंडूच्या माळेवर तर इतक्या, की माळ हलतेय असं वाटावं. कनातीच्या वरून, फटीतून, दोरीवरून येतच होत्या, त्या कोपऱ्यावर घिरट्या घालत होत्या आणि दमल्या की दिसेल तिथं बसत होत्या.

"शालूऽऽ! अगं तुझ्या माश्या आवर!"

ह्या आवाजानं घर वर आलं. शालू आली, रामप्रसाद धोतराचा सोगा सावरत आले, मच्छिंद्र आला. नटलेली अर्पिता जिन्याच्या दारातच उभी राहिली.

"मी आधीच बोलले व्हते," बेबीनंदा म्हणाली. "एक दिवस हलवा पेट्या म्हणून. तर म्हणे हलवता येत न्हाईत. एक दिवस! माझी एकुलती एक पोरगी हाये!"

"ताई, त्या कनातीच्या पलीकडं राहतेत, कुणाला काही करीत न्हाईत..." शालू म्हणू लागली. पण तिचं लक्ष माश्यांकडं गेलं आणि ती बोलायचीच थांबली.

रामप्रसादांनी पुढं होऊन कनात सर्रकन बाजूला केली. रिकाम्या स्टँडवर माश्यांचा पुंजका लोंबत होता.

हा माणूस बियाण्यांच्या कंपनीत आयुष्यभर पाकिटांवरच्या तारखा तपासत आलेला. घरातही नजर तीच. त्यांनी स्टँड पाहिला, वाट्या पाहिल्या आणि धाकट्या भावाकडं वळले.

"मच्छिंद्र, पेट्या कुठं हायेत?"

मच्छिंद्रचे दोन्ही गाल बुंदीनं फुगलेले. त्यानं मान हलवली. हो की नाही, काही कळेना.

"तोंडात काय हाये?"

"बुंई."

"गिळ."

मच्छिंद्रनं गिळली. कान लाल झाले होतेच. "गेल्या दादा," तो म्हणाला. "सकाळी पाहिलं तव्हा नव्हत्या. तुम्हाला दुपारनंतर सांगणार व्हतो, देवाशप्पथ."

रामप्रसादांचा पारा चढायला लागला होता, पण त्याला मधेच दुसरी वाट फुटली. ते बायकोकडं बघू लागले.

"नंदा, तू तर न्हाई ना कुठं..."

"मी?" बेबीनंदाचा आवाज गल्लीत ऐकू गेला असणार. "मी चोर? आजच्या दिवशी, ह्या साडीवर, मला चोर म्हणता?"

"चोर न्हाई म्हणलो. हलवा हलवा म्हणत व्हतीस, म्हणून..."

"हलवायच्या असत्या तर उजेडात हलवल्या असत्या, भांडून! लपूनछपून करायची माझी रीत न्हाई." आणि एवढं बोलून ती तरातरा जाऊन शालूच्या बाजूला उभी राहिली. आठवडाभर दोघींचं धड बोलणं नव्हतं. आता बेबीनंदानं जावेचा हातच धरला. "शालू, हुडकायचा तो चोर. मला बघायचंच हाये त्याचं तोंड."

रामप्रसादांचा फोन वाजला. भोकरदनचे राधेश्याम, मुलाचे वडील. "राजूरला गणपतीचं दर्शन झालं, निघालो म्हणतेत," रामप्रसाद फोन खिशात घालत म्हणाले, आणि हताश होऊन खुर्चीवर बसायला गेले. खुर्चीवर माशी होती. उभेच राहिले. "संपलं. पाव्हण्यांना काय दाखवू आता? आणि शालू, माझा शब्द ध्यानात हाये ना तुझ्या? चोर पुन्हा गच्चीवर..."

आणि शालू हसली.

नुसती हसली नाही, खदखदा हसली. डोळ्यांतून पाणी, तोंडावर हात, आणि हसणं काही थांबेना. बेबीनंदानं धरलेला हात घाबरून सोडून दिला.

"दादा, पेट्या चोरीला गेल्याच न्हाईत!"

"मंग?"

"बघा ना ह्यांच्याकडं! माशी आपली जागा ध्यानात ठेवती. पेटी गावाबाहेर नेली असती, अंबडला, मंठ्याला, तर ह्या तिथंच फिरल्या असत्या, इथं एक पण आली नसती. ह्या आल्या, म्हणजे पेट्या जवळच हायेत. ह्याच गल्लीत नाहीतर दोन गल्ल्या पलीकडं. तिथून सकाळी कामाला निघाल्या, मोतीबागंला जाऊन आल्या, अन् घरी म्हणून जुन्याच जागी आल्या. ताई, म्हणून तर मी म्हणत व्हते, एक दिवसासाठी हलवता येत न्हाईत!"

"असं व्हय," बेबीनंदा म्हणाली. "मला वाटलं तू आडमुठेपणा करून राह्यली."

शालू स्टँडपाशी गेली, पुंजक्याजवळ तिनं हात नेला. आता तिचा आवाज उतरला. "पण पेटी जल्दी भेटायला पाहिजे. संध्याकाळपर्यंत घर भेटलं न्हाई तर ह्या इथंच बसून मरतेत. आणि ह्याच कमवून आणणाऱ्या असतेत. ह्या गेल्या की पेटी पण जाती. मंग माझ्याकडं काही राहत न्हाई, दादा. एक पण न्हाई."

तेवढ्यात जिन्यातून धापा टाकत चतुराबाई वर आल्या, मागं लालबी. कुणी काही सांगायच्या आधीच त्यांची नजर स्टँडवर गेली. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि थेट माश्यांनाच झापलं.

"अगं भवान्यांनो, तुम्ही इकडं कशाला आल्या परत? तिकडं सावलीत, चांगल्या टाकीच्या मागं नेऊन ठेवलं न्हवं तुम्हाला?"

सगळ्यांच्या माना एकदम त्यांच्याकडं वळल्या.

लालबीनं कपाळावर हात मारला. "या अल्ला, खुद हीच बोलून गेली."

"माय?" रामप्रसाद म्हणाले.

चतुराबाईंनी चौफेर पाहिलं. पळायला वाट नव्हती. मग त्यांनी आपला ठेवणीतला आवाज काढला. "हां, मीच नेल्या. काय करायचं ते करा. तो मांडववाला पेट्यांवर डोळा ठेवून व्हता. तुमी सगळे बाजारात. मी म्हातारी काय काठी घेऊन बसू? दिल्या नेऊन सिराजोद्दीनच्या गच्चीवर. मला काय म्हाईत ह्या एवढ्या अडाणी हायेत. माणूस घर बदलतं की न्हाई? ध्यानात ठेवतं की न्हाई?"

"आत्याबाई," शालू म्हणाली, "तुमी माझ्या पेट्या वाचवल्या?"

"पेट्या न्हाई वाचवल्या. तू मागच्या बारीला दोन दिवस जेवली नव्हतीस. आज कार्य हाये, जेवण वाया गेलं असतं." आणि हे बोलताना आपले डोळे भरून आले हे कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी मच्छिंद्रच्या पाठीत एक धपाटा घातला. "उभा काय राहिलास? आण जा!"

*

मग जी पळापळ झाली ती अर्पिताला पुढं जन्मभर सांगायला पुरणार होती.

शालू आणि मच्छिंद्र गल्ली ओलांडून पळाले. गलका ऐकून आलेला आमेर त्यांच्या पुढं. "मैंने तो चतुराआंटी को पहलेच बोला था, शालूभाभी को पूछो," असं तो वाटेत सारखं सांगत होता, आणि त्याच्यावर कुणाचा राग नव्हता. टाकीच्या मागं दोन्ही पेट्या होत्या, झाकणं तशीच, हिरवा रंग तसाच. शालूनं पेटीवर कान ठेवला. आतून तो नेहमीचा भरलेला आवाज येत होता. तिनं दोन्ही पेट्यांची तोंडं गवतानं बंद केली आणि मग भरदुपारी गल्लीतून वरात निघाली. पुढं आमेर एक पेटी छातीशी धरून, मागं मच्छिंद्र दुसरी घेऊन, त्यांच्या मागं शालू "हळू, हळू, आडवी करू नका" म्हणत. सिराजोद्दीन दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणून रस्ता करून देत होता.

आणि नेमकी त्याच वेळी भोकरदनची गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली.

रामप्रसाद गच्चीच्या कठड्यावरून हे बघत होते. वरमाईच्या आधी पेट्या घरात शिरतात की पेट्यांच्या आधी वरमाई, ह्यावर आता पोरीचं भविष्य ठरणार, असं त्यांच्या मनात आलं. पेट्या पाऊलभर पुढं निघाल्या.

पाव्हणे जिन्यानं वर आले तेव्हा शालू पेट्यांच्या तोंडातलं गवत काढत होती. थांबवायला वेळ नव्हता आणि थांबवलं असतं तर माश्या गेल्या असत्या. पाव्हण्यांच्या समोरच पहिल्या माश्या पेटीच्या उंबऱ्यावर आल्या, शेपट्या वर करून पंख हलवायला लागल्या. त्यांनी सोडलेला घरचा वास बाकीच्यांना लागला. सोफ्यावरच्या उठल्या, तक्क्यावरच्या उठल्या, माळेवरच्या उठल्या, स्टँडवरचा पुंजका हळूहळू सुटला, आणि सगळ्या चालत, उडत, एकमेकींना ढकलत आत शिरायला लागल्या.

"हे काय चाललंय?" राधेश्यामांनी विचारलं.

रामप्रसादांनी तोंड उघडलं. काय सांगावं? आईनं पेट्या चोरल्या म्हणावं?

चतुराबाईच पुढं झाल्या. "घरची माणसं वाट चुकली व्हती, पाव्हणे. आता आली. बसा."

नवरा मुलगा प्रितम सोफ्यावर बसला. ताजी इस्त्री, नवा शर्ट, आणि बसतो न बसतो तोच एक माशी, कुठून राहिली होती कोण जाणे, त्याच्या कॉलरवर येऊन बसली. प्रितमचा चेहरा पांढरा पडला. मान ताठ, डोळे वर. त्याच्या आईनं झटकायला हात उचलला.

"हात नका लावू!" अर्पिता म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. मान खाली घालून बसायचं असतं हे ती विसरलीच होती. उठली, सोफ्यापाशी गेली आणि प्रितमला म्हणाली, "तुमी हलू नका."

होणाऱ्या नवऱ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. तो हलला नाही. तिनं बोट कॉलरला टेकवलं, माशी बोटावर चढली, तशीच ती चालत पेटीपाशी गेली आणि माशी उंबऱ्यावर सोडून आली.

"बापरे," प्रितम श्वास सोडत म्हणाला. "तुम्हाला चावत न्हाईत?"

"घाबरलेल्याला चावतेत," अर्पिता म्हणाली. मग आपण काय बोललो हे कळून ती लाजून पार लाल झाली, आणि राधेश्याम असे गडगडून हसले की सगळी गच्ची हसायला लागली. बेबीनंदासुद्धा. लालबी तर पानाचा डबा मांडीवर आपटून हसत होती.

"रामप्रसादजी," राधेश्याम डोळे पुसत म्हणाले, "पोरगी पसंत होतीच. आता आमच्या पोराचं कसं व्हायचं तेवढं बघा."

कुंकू लागलं. सुपारी फुटली. पेढे आणले होते, पण चतुराबाईंनी ते खालीच ठेवायला लावले. शालूच्या फडताळातली मोसंबीच्या बहरातल्या मधाची बरणी त्यांनी स्वतः वर आणली आणि चमच्या-चमच्यानं सगळ्यांचं तोंड गोड केलं. चमच्यावर 'सांडू' लिहिलेलं होतं, अर्थातच.

*

पाव्हणे गेले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. गच्चीवर घरचीच माणसं उरली, पाय पसरून, सैल होऊन. शेवटच्या माश्या परतत होत्या. शालू स्टँडपाशी बसली होती. तिच्या मांडीवर ताट होतं आणि चतुराबाई त्यात दुसऱ्यांदा बुंदी वाढत होत्या.

"मंग, दादा?" मच्छिंद्रनं हळूच विचारलं. "शब्दाचं काय?"

शालूचा घास हातातच राहिला. रामप्रसादांनी पेट्यांकडं पाहिलं.

"चोर गच्चीवर आला तर कारभार बंद, असं म्हणलो व्हतो," ते म्हणाले. "चोर तर घरातच निघाला. आता मायला कुठं पाठवू?"

"पाठवून दाखव," चतुराबाई म्हणाल्या.

"राहू द्या हो पेट्या," बेबीनंदा म्हणाली. "अर्पिताला आंदण म्हणून एक द्यावी लागंल असं वाटून राह्यलं मला. त्या पोराला सवय तरी व्हईल."

"राहतील," रामप्रसाद म्हणाले. "पण खरा चोर उद्या आला तर? तव्हा पोलिसांनी खूण इचारली आन् आपण गप बसलो. पुन्हा तसं चालायचं न्हाई. मच्छिंद्र, दुकानातलं सोल्डर आण. नावच डागून टाकू."

मच्छिंद्रनं सोल्डर आणलं, जिन्यातून वायर ओढली. टोक तापलं. रामप्रसादांचं अक्षर घरात सगळ्यांत सुरेख, म्हणून ते स्वतःच चष्मा लावून पेटीपुढं बसले. आधी पेन्सिलीनं आखून घ्यावं म्हणून त्यांनी बाजूच्या फळीवर हात फिरवला आणि सवयीनं लिहायला लागले. 'स'ला काना दिला, वर टिंब दिलं.

"थांब," चतुराबाई म्हणाल्या.

"काय झालं? अण्णांचंच नाव टाकतो ना."

"तुझ्या अण्णाचं नाव भांड्यावर लई झालं. वाटीवर तेच, तांब्यावर तेच, पोळपाटावर तेच. त्यानं जन्मात एक माशी सांभाळली व्हती का? मोहोळ दिसलं की शेत सोडून पळायचा." त्यांनी पदरानं पेन्सिलीचं अक्षर पुसून काढलं. "जिच्या हायेत तिचं टाक. शालू."

रामप्रसादांनी आईकडं पाहिलं, मग भावजयीकडं. चष्मा नीट केला आणि तापलेलं टोक लाकडाला टेकवलं. लाकडाचा करपल्याचा वास सुटला.

"मोठं काढा," बेबीनंदा मागून म्हणाली. "चोराला रस्त्यावरून वाचता आलं पाहिजे."

आतल्या माश्यांना त्रास नको म्हणून रामप्रसाद फार हळू, एकेक रेघ काढत होते. शालू ताट बाजूला ठेवून उभी राहिली. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून तिनं रोज भांडी मांडली होती, घासली होती, पुसली होती. एकाही वाटीवर तिचं नाव नव्हतं. माहेरहून आणलेल्या भांड्यांवर बापाचं होतं, इथल्यांवर सासऱ्यांचं. तिला कधी ते खटकलंही नव्हतं. आता पहिलं अक्षर उमटलं, दुसरं उमटलं, आणि तिला एकदम काही दिसेनासं झालं.

"झालं. बघ," रामप्रसाद म्हणाले.

तिनं पुढं होऊन अक्षरावर बोट ठेवलं. अजून तापलेलंच होतं.

"अगं, भाजंल!" चतुराबाई ओरडल्या.

भाजलंच. शालूनं बोट तोंडात घातलं आणि तशीच हसत दुसऱ्या पेटीवरची धूळ पदरानं पुसायला लागली.